पारा, प्रमाण आणि दप्तर

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुरातून चालत असे. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी तेव्हा नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती भोपाळला गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या शेजारी क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर वसत गेले आणि नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबेही त्यांत स्थिरावली.

प्रशासनाच्या अभ्यासकाने भिलाईकडे एका वेगळ्या नजरेने पाहावे असे मला वाटते. सेक्टर ६ चेच उदाहरण घ्या. येथे रस्त्याला क्रमांक आहे, क्वार्टरला क्रमांक आहे, क्वार्टर ज्याला मिळाले त्या कर्मचाऱ्याला क्रमांक आहे आणि त्याच्या कुटुंबाच्या नावे वैद्यकीय पुस्तिका आहे. रुग्णालय कारखान्याचे, सेक्टर ९ मध्ये. शाळाही दीर्घकाळ कारखान्याच्याच. आपल्याकडील बहुतेक गावे आधी वसली आणि त्यांचे दप्तर नंतर तयार झाले. भिलाईत हा क्रम उलटा आहे.

अशा गावात अपघाताची नोंद उत्तम राहते. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी वायूच्या नळाला आग लागून त्याहून अधिक बळी गेले. तारीख, वेळ, नावे, चौकशी समिती, नुकसानभरपाई हे सर्व कागदावर आले. कारण एका क्षणी घडलेली हानी मोजण्याची सवय आपल्या यंत्रणेला आहे. परंतु जी हानी वीस वर्षांत थेंबाथेंबाने होते, जिला तारीख नसते आणि जिची लक्षणे थकवा, विसराळूपणा, चिडचिड किंवा मुलाचे अभ्यासात मागे पडणे अशी नेहमीचीच असतात, तिचे काय? या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोधप्रद धडा पारा या धातूने दिला आहे. त्याचा इतिहास म्हणजे एका अर्थाने नोंदवहीचाच इतिहास आहे.

आधी थोडे शास्त्र पाहू. पारा माणसाच्या शरीरात मुख्यतः तीन रूपांनी जातो. पहिले रूप धातूचे. थर्मामीटर फुटल्यावर जमिनीवर पळणारे चकचकीत मणी गिळले गेले तरी आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत. मात्र त्याच मण्यांतून साध्या तापमानाला निघणारी, रंग किंवा वास नसलेली वाफ श्वासावाटे गेली तर तिचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतो. दुसरे रूप क्षारांचे. त्याचा मुख्य आघात मूत्रपिंडावर होतो. तिसरे रूप मिथाइल मर्क्युरीचे. हवेतला पारा पावसाबरोबर तळ्यात, खाडीत, समुद्रात उतरतो. तेथील गाळातले जीवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरी करतात. ते शेवाळातून लहान माशात आणि लहान माशातून मोठ्या माशात साठत जाते. जेवणातून आलेले मिथाइल मर्क्युरी जवळजवळ संपूर्ण शोषले जाते, निम्मे बाहेर पडायला सुमारे ५० दिवस लागतात आणि गर्भवतीच्या वारेतून ते गर्भापर्यंत जाते. मेंदूची घडण चालू असताना तेथे पोहोचणारे विष आईला काहीही न जाणवू देता बाळाचे नुकसान करू शकते. थोड्या प्रमाणाचा प्रश्न इथेच उभा राहतो.

पारा घातक आहे हे ज्ञान नवे नाही. आपल्या रसशास्त्राने पारद आणि हिंगूळ यांच्या शोधनाचे विस्तृत विधी सांगितले, ते अशुद्ध पाऱ्याचे दोष ओळखूनच. युरोपात, आजच्या स्लोव्हेनियातील इद्रिया येथील पाऱ्याच्या खाणीत १६६५ साली कामगारांचा दिवस सहा तासांवर आणला गेला; कामगारांच्या आरोग्यासाठी केलेल्या शासकीय नियमांपैकी हा अगदी आरंभीचा मानला जातो. १७०० साली इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथात मुलामा देणारे सोनार आणि आरसे करणारे कारागीर यांचे थरथरणारे हात वर्णिले. पण ही सर्व वर्णने मोठ्या मात्रेची होती. हात कापू लागले, दात पडले, म्हणजे विष. तोपर्यंत काही नाही.

ही समजूत पहिल्यांदा जाहीरपणे मोडली ती एका रसायनशास्त्रज्ञाने, स्वतःच्या शरीराचा दाखला देऊन. जर्मनीतील आल्फ्रेड श्टॉक यांना प्रयोगशाळेत पाऱ्याची उपकरणे वापरताना अनेक वर्षे डोकेदुखी, सर्दी, थकवा आणि विलक्षण विस्मरण यांनी ग्रासले होते. कारण खोलीच्या हवेतला पारा हेच आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९२६ साली त्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर निबंध प्रसिद्ध केला. स्वतः पाऱ्यासह काम करणाऱ्या निष्णात माणसाला जर कारण उमगायला इतकी वर्षे लागली, तर भट्टीवरचा मजूर किंवा स्वयंपाकघरातली गृहिणी ते कसे ओळखणार?

याच सुमारास शासनव्यवस्थाही हलू लागली होती. १९२५ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने व्यवसायजन्य रोगांच्या भरपाईचा करार केला. त्याच्या यादीत तीनच नोंदी होत्या: शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा आणि अँथ्रॅक्स. भारताने १९२७ साली तो मान्य केला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ ने व्यवस्थापकावर आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरवर ठरावीक रोग कळवण्याचे बंधन घातले. त्या रोगांच्या परिशिष्टात पाऱ्याची विषबाधा होती. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने कामाच्या जागेतील हवेसाठीही मर्यादा आल्या. पाऱ्याच्या वाफेसाठी ती आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम होती.

या तरतुदी चांगल्याच होत्या. तरीही त्यांच्या रचनेत दोन फटी होत्या आणि प्रशासकाने त्या नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली फट शब्दाची. कायदा ‘विषबाधा’ कळवायला सांगतो. कामगाराच्या लघवीत पारा वाढला आहे, त्याची झोप उडाली आहे, पण हात अजून कापत नाहीत, अशा अवस्थेला विषबाधा म्हणावे की नाही हे डॉक्टरने ठरवायचे. आणि तो डॉक्टर बहुधा कारखान्याचाच नोकर. दुसरी फट कुंपणाची. कायदा कारखान्याच्या फाटकाशी संपतो. आठ तास काम करणाऱ्या प्रौढासाठी ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. याउलट चोवीस तास श्वास घेणाऱ्या सर्वसामान्य नागरिकासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय मार्गदर्शिकेने २००० साली वार्षिक सरासरी १ मायक्रोग्रॅम सुचवली. कामगाराच्या घरातले तान्हे मूल कोणत्या रकान्यात बसते? कारखाने निरीक्षकाच्या दप्तरात त्याला रकानाच नाही.

रकाना नसला की काय होते, हे जपानमधील मिनामाताने जगाला दाखवले. १ मे १९५६ रोजी तेथील चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या अनोळखी आजाराची नोंद स्थानिक आरोग्य केंद्राकडे केली. १९५९ साली त्यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून दिले आणि मांजराला तोच आजार झाला. ही नोंद दडवली गेली. सरकारने कंपनीच्या सांडपाण्यातील मिथाइल मर्क्युरी हे कारण अधिकृतपणे मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी. मधली बारा वर्षे मासे खाल्ले जात होते, मुले जन्मत होती.

पण मिनामाताची खरी प्रशासकीय शोकांतिका १९६८ नंतरची आहे. रुग्ण कोणाला म्हणायचे याचे निकष १९७७ साली आखले गेले आणि त्यात अनेक लक्षणे एकत्र दिसणे आवश्यक ठरले. ज्यांना फक्त हातापायांची संवेदना कमी झाली होती ते या व्याख्येबाहेर राहिले. कुमामोतो आणि कागोशिमा या दोन प्रांतांत मिळून प्रमाणित रुग्ण सुमारे २,३००. व्याख्येबाहेर राहिलेल्या हजारो लोकांसाठी १९९५ साली राजकीय तडजोड करावी लागली आणि २००९ साली विशेष कायदा करावा लागला. तरीही न्यायालयांतले दावे थांबले नाहीत. किती लोक आजारी पडले हे जणू निकषांचा कागद लिहिणाऱ्यानेच ठरवले होते.

यानंतरची पायरी इराकमध्ये पडली. १९७१-७२ च्या हिवाळ्यात मिथाइल मर्क्युरीची बुरशीनाशक प्रक्रिया केलेले आयात बियाणे गावोगाव वाटले गेले. ते पेरण्यासाठी होते. अनेक कुटुंबांनी दळून त्याच्या भाकऱ्या केल्या. पोत्यांवरचे इशारे त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत होते. रुग्णालयांत ६,५३० जण दाखल झाले आणि तेथे ४५९ दगावले. या संकटातून शास्त्रज्ञांना एक साधन मिळाले: केस. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातला पारा आपल्यात साठवून घेतो. आईचा लांब केस सेंटीमीटरने कापून तपासला तर गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात किती पारा होता हे समजते. यंत्रणेने नोंद ठेवली नव्हती. शरीराने ठेवली होती. आणि तिने सांगितले ते असे, की आईवर ज्या मात्रेचा परिणाम जवळजवळ दिसत नव्हता, त्या मात्रेने बाळाचे चालणे-बोलणे लांबले होते.

मग अगदी थोड्या, रोजच्या जेवणातल्या पाऱ्याचे काय? उत्तर अटलांटिकमधल्या छोट्याशा फेरो बेटांवरून आले. तेथील लोक पायलट देवमाशाचे मांस खातात आणि त्यात पारा बराच असतो. १९८६-८७ या काळात जन्मलेल्या १,०२२ बाळांच्या नाळेतील रक्त तपासून ठेवले गेले. सातव्या वर्षी त्यांतील ९१७ मुलांच्या चाचण्या झाल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नाळेतला पारा जसा वाढत गेला तशी भाषा, लक्ष आणि स्मरण यांत मुले किंचित मागे पडत गेली. यांतले एकही मूल रुग्णालयाच्या भाषेत ‘आजारी’ नव्हते. हिंदी महासागरातील सेशेल्समध्ये भरपूर समुद्री मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांचा असाच अभ्यास झाला. तेथे असा परिणाम आढळला नाही. मासळीतील पोषक मेदाम्ले काही अंशी हानी भरून काढत असावीत असा एक अर्थ लावला जातो. दोन प्रामाणिक अभ्यास, दोन उत्तरे. तरीही आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने २००३ साली मिथाइल मर्क्युरीची साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३.३ वरून १.६ मायक्रोग्रॅमवर आणली. शंकेचा फायदा या वेळी बाळाला दिला गेला.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या ठाणे खाडीतील पाऱ्याविषयी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ सालीच निबंध प्रसिद्ध केला होता. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे विद्युतघट वापरले जात आणि काही पारा सांडपाण्यातून निसटे. २००३ च्या केंद्रीय सनदेनंतर हा उद्योग पटल-पद्धतीकडे वळवण्यात आला. हे यश आहे आणि ते नमूद केले पाहिजे.

कोडाईकनालची कथा वेगळी. तेथील थर्मामीटर कारखाना १९८३ साली सुरू झाला, पुढे तो हिंदुस्थान लीव्हरकडे आला, आणि पारायुक्त काचेचा कचरा भंगारवाल्याकडे सापडल्यानंतर २००१ साली बंद पडला. कामगारांच्या तपासण्यांतून पाऱ्यामुळे आजार झाल्याचे दिसत नाही, ही कंपनीची भूमिका कायम राहिली. कामगारांचे अनुभव त्याच्या विरुद्ध होते. अखेर २०१६ साली ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला. पंधरा वर्षांचा हा वाद मूलतः एका गोष्टीवर अडला होता: कामाला लागण्यापूर्वी, काम चालू असताना आणि नंतर प्रत्येकाच्या शरीरात किती पारा होता, याची दोन्ही पक्षांना मान्य होईल अशी नोंद नव्हती.

तिसरे उदाहरण औषधांचे. २००४ साली बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यानंतर आयुष विभागाने जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी बंधनकारक केली, ती निर्यात होणाऱ्या वनौषधींसाठी. परदेशी ग्राहकाने मोजले म्हणून आपण मोजू लागलो. घरच्या ग्राहकाला तोच न्याय पहिल्याच दिवशी का मिळू नये, हा प्रश्न मला कोणत्याही पथ्यापथ्याच्या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

छत्तीसगडच्या सीमेलगतच्या सिंगरौलीत, जेथे औष्णिक वीज केंद्रांची रांग आहे, विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१२ साली रहिवाशांचे रक्त तपासले. १९ नमुन्यांपैकी १६ मध्ये पारा सुरक्षित पातळीहून अधिक निघाला. एकोणीस म्हणजे फार थोडे, असे म्हणणे सोपे आणि योग्यही आहे. पण मग एकोणीसशे नमुने घेण्याचे काम कोणाचे होते?

आता पुन्हा सेक्टर ६. भिलाई कोळशावर उभी आहे. पोलादालाही कोळसा लागतो आणि विजेलाही. भारतीय कोळशात टनामागे पाऱ्याचे प्रमाण ढोबळमानाने ०.१ ते ०.३ ग्रॅम धरले जाते. चिमूटभर वाटते. पण दहा लाख टन कोळशाचा हिशेब केला तर तो १०० ते ३०० किलो होतो. यांतला काही राखेत राहतो, काही धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत अडतो आणि उरलेला हवेतून दूरवर जातो. म्हणूनच ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम पारा अशी मर्यादा प्रथमच घातली. याखेरीज पाऱ्याचा घरातला वाटा आहेच: थर्मामीटरमध्ये सुमारे एक ग्रॅमपर्यंत, पाऱ्याच्या रक्तदाबमापकात त्याच्या कित्येक पट, आणि जुन्या ट्यूबलाइट व सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम. भंगारवाल्याच्या हातगाडीवर फुटणाऱ्या नळ्या कोणत्याच कारखान्याच्या कुंपणात येत नाहीत.

येथे कोणावर आरोप करण्याचा हेतू नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की मोजणीसाठी जे जे लागते ते इतक्या सुसूत्रपणे भारतात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध असेल. फेरोच्या अभ्यासाला काय लागले? हजारभर बाळंतपणे, नाळेचे थोडे रक्त, आईच्या केसांची बट, आणि सात वर्षांनी तीच मुले पुन्हा गाठता येतील अशी वस्ती. सेक्टर ९ च्या रुग्णालयात बाळंतपणे होतात. मुले सेक्टरांतल्याच शाळांत जातात. वैद्यकीय पुस्तिकेवर कुटुंबाचा क्रमांक असतो. विद्यापीठाची किंवा वैद्यक परिषदेची एखादी संस्था आणि कारखान्याचा आरोग्य विभाग यांनी मिळून, मातांच्या संमतीने, हे काम हाती घेतले तर त्याचा खर्च एखाद्या सुशोभीकरणाच्या कामाहून अधिक होणार नाही. आणि सर्वांत निकडीचे म्हणजे निवृत्त कर्मचाऱ्यांच्या जुन्या वैद्यकीय नोंदी रद्दीत जाऊ देऊ नयेत. साठ वर्षांचे ते दप्तर पुन्हा निर्माण करता येणार नाही.

अशा सूचनेवर कचेरीत येणारा आक्षेप ठरलेला असतो: मोजले की लोक घाबरतील, दावे दाखल होतील. इतिहासाचे उत्तर नेमके उलटे आहे. मिनामातात नोंद दडवल्यामुळे दावे झाले. कोडाईकनालमध्ये सर्वमान्य नोंद नसल्यामुळे वाद पंधरा वर्षे चालला. फेरोत मोजणी झाली. तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी १९९८ साली स्त्रियांना देवमाशाचे मांस टाळण्याचा स्पष्ट सल्ला दिला आणि गरोदर स्त्रियांच्या शरीरातला पारा पुढे कमी झाला. मोजणीतून मिळाले ते एक साधे, पाळता येण्याजोगे पथ्य.

मिनामाताचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, १६ ऑगस्ट २०१७ पासून तो अमलात आला आणि भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. करारावर सही दिल्लीत होते; त्याची अंमलबजावणी मात्र प्रसूतिकक्षात, भंगाराच्या दुकानात आणि शाळेच्या हजेरीपटावर होत असते. गेल्या शंभर वर्षांत पाऱ्याची ‘सुरक्षित’ मर्यादा वारंवार खाली आली आहे. या काळात पारा बदलला नाही आणि माणसाचे शरीरही बदलले नाही. दर वेळी कोणीतरी, ज्याला कोणी रुग्ण मानत नव्हते अशा माणसाची नोंद घेतली, एवढाच फरक पडला. ती नोंद घेणे हे डॉक्टरांचे काम जितके आहे, तितकेच ते आपल्यासारख्या दप्तर सांभाळणाऱ्यांचे आहे.